बाहुल्यांच्या पोटाला काज

टक्.

एवढासाच आवाज, पण त्यानं अख्खं घर जागं व्हायचं. उजाडलं नव्हतं नीट. शिलाई मशीन कापडाखाली झोपलेलं, पलीकडच्या खोलीत आजोबांचं घोरणंही दोन श्वासांच्या मधे अडकून थांबलेलं, आणि त्या शांततेत टक्. मुंगीनं पोटावरचं बटण उघडलं होतं.

हे बटण शर्टाचं नव्हे. बेंबीच्या जरा वर डॉक्टरांनी पोटाला एक बारीक भोक पाडून त्यात बसवलेलं, झाकणाचं, बोटाच्या पेराएवढं. मुंगी जन्मली तेव्हा तिची अन्ननलिका पोटापर्यंत पोचलीच नव्हती. मधेच कुठंतरी वाट चुकून बसली होती. हृदयाचंही एक काम अर्धवट राहिलेलं. मग ऑपरेशनं झाली. एक झालं, दुसरं झालं, पुढची मोजायची आईनं सोडून दिली. अन्ननलिका जोडली गेली, पण तोंडानं घेतलेला घोट अजूनही पोटाऐवजी छातीत शिरायचा आणि मुंगी निळी पडायची. म्हणून दूध, औषधं, पातळ केलेलं जेवण, सगळं त्या बटणातून. तोंड तिला होतं ते बोलायला, आणि त्याचा ती पुरेपूर वापर करायची.

"आई, भूक लागली."

"झाकण लाव आधी. किती वेळा सांगितलं, उघडं ठेवून फिरायचं नाही."

"मी फिरत नाहीये. मी निजून आहे."

आई उठली. तिला गल्लीत, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात सगळे 'मुंगीची आई' म्हणूनच ओळखत. मुंगी हे नाव आजोबांचं. काचेच्या पेटीत नळ्यांच्या जाळ्यात पडलेली नात पहिल्यांदा बघून ते म्हणाले होते, "मुंगी आहे ही. एवढीशी दिसते, पण बघा, आपल्यापेक्षा जास्त ओझं उचलेल." सासरे तसे कमी बोलायचे, पण बोलले की ते नाव होऊन बसायचं.

नियमही त्यांचाच. या घरात कुणी एकट्यानं जेवायचं नाही. मुंगीच्या बटणाला नळी जोडली, नळीच्या टोकाला सिरिंज लावून उंच धरली आणि तिच्यात दूध ओतलं, की मग बाकीच्यांनी पहिला घास घ्यायचा. दूध आपल्या वजनानं हळूहळू उतरायचं, तोवर कुणी उठायचं नाही. बाबांना कामावर जायची कितीही घाई असो, ते एक पाय चपलेत घालून का होईना, बसायचे.

"मला दात नाहीत, हिला तोंड लागत नाही," आजोबा पाव चहात बुडवत म्हणायचे. "आम्ही दोघं मिळून एक माणूस जेवतो."

"आजोबा, तुम्ही आवाज करता जेवताना. मी करत नाही," मुंगी म्हणाली.

"ऐका! आमच्या घरात सभ्य माणूस एकच, आणि तोही पोटानं जेवतो."

मुंगीला हसू फुटलं तसं सिरिंजमधलं दूध वर चढलं. आईनं हात आणखी उंच केला. "हसवू नका हो तिला, उलटं येतंय."

"शाळेत माझ्या मैत्रिणी हसत नाहीत," मुंगी म्हणाली. "त्या गुपचूप जेवतात. एकडोळी तर दूध नकोच म्हणते, सगळं सांडते."

"असं कुणाला एकडोळी म्हणू नये," बाबा चपलेचा पट्टा लावत म्हणाले. "तुला कुणी नळीवाली म्हटलं तर आवडेल का?"

"पण तिला एकच डोळा आहे, बाबा."

बाबांनी आईकडे बघितलं, आईनं बाबांकडे. असेल एखादं पोर, डोळ्याला पट्टी लावून येत असेल. आईला मनातून बरंच वाटलं. आपल्या मुलीनं आपल्यासारखंच कुणीतरी शोधून काढलंय.

ही बालवाडी सहजासहजी मिळाली नव्हती. आधी जिथं जिथं गेले तिथं सगळ्यांनी हात वर केले. एकीनं सांगितलं जागा भरल्या, आणि त्याच आठवड्यात शेजारणीच्या मुलाला घेतलं. दुसरीनं सांगितलं, आमच्याकडे जिने आहेत. जिने! जणू मुंगी पोटानं चालत होती. शेवटी या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "आणा, बघू या." तेव्हा आईला रस्त्यातच रडू आलं होतं. मग ती कितीतरी दुपारी शाळेत जाऊन बसली. तिथल्या मावशींना नळी कशी जोडायची, सिरिंज किती उंच धरायची, शेवटी पाणी घालून नळी कशी धुवायची, बटण निघून आलं तर काय करायचं, सगळं हातात हात धरून शिकवलं. मावशी पटकन शिकल्या. "वर्गातच बसेल ना मुलांबरोबर?" आईनं विचारलं होतं. "हो हो, काळजी करू नका," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी आई एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत बसली होती तेव्हा फोन वाजला.

"मुंगीची आई का? ताबडतोब शाळेत या."

"काय झालं? बटण निघालं का? श्वास..."

"इथं या, मग बोलू."

दाराशी खुंटीला एक पिशवी कायम भरलेली असे. तिच्यात जादा बटण, नळी, सिरिंज, पट्ट्या. बटण निघून पडलं तर पोटावरचं भोक बघता बघता आवळत जातं. दवाखाना गाठेपर्यंत थांबत नाही. पिशवी उचलून ती धावली. पायात एक चप्पल स्वतःची, एक आजोबांची.

मोठ्या बाईंच्या खोलीत मुंगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. ओठ गुलाबी, श्वास ठीक, बटण जागेवर. आईचा जीव भांड्यात पडला. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. वर्तमानपत्रावर ओळीनं कापडी बाहुल्या निजवल्या होत्या, झगे वर केलेले. प्रत्येकीच्या पोटाला बेंबीच्या जरा वर एक भोक. पेन्सिलीनं पाडलेलं. भोकाभोवती कापड ओलं, आणि खोलीभर आंबट झालेल्या दुधाचा वास.

आईला हसूच आलं. सुटकेचं हसू, पण हसू ते हसूच.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"माफ करा. मला वाटलं, हिला काही झालं."

"झालंयच. तुम्हाला दिसत नाहीये." त्यांनी एका बाहुलीचा हात दोन बोटांत धरून तिला उचललं. "संमेलनाच्या नाटकासाठी मुद्दाम बनवून घेतलेल्या बाहुल्या या. एकूण एक फाडल्यात. मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. या वयात अशी आक्रमकता बरी नाही. दवाखान्यात इतके दिवस काढलेल्या मुलांच्या मनात कुठंतरी राग असतो. तुम्ही तिला कुणाला तरी दाखवा."

"मी फाडल्या नाहीत," मुंगी म्हणाली. "मी ऑपरेशन केलं."

"बघा!" मोठ्या बाई म्हणाल्या.

आईनं ती बाहुली हातात घेतली. झगा गुलाबी, एक डोळा टाक्यांनी भरलेला, दुसऱ्याच्या जागी नुसता तुटका दोरा. एकडोळी. दूध नको म्हणणारी, सगळं सांडणारी एकडोळी. आईच्या हातातली बाहुली एकदम जड झाली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "वर्गात तर बाहुल्या नाहीत. ठोकळे आहेत, चित्रांची पुस्तकं आहेत. या बाहुल्या कुठं होत्या?"

"सामानाच्या खोलीत."

"मग मुंगी सामानाच्या खोलीत काय करत होती?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. दारात उभ्या असलेल्या मावशी स्वतःच्याच पायांकडे बघत होत्या.

"मावशी?"

"जेवायची तिथं," मावशी म्हणाल्या. "मला सांगितलं तसं मी केलं, ताई. दूध लावून द्यायची, सिरिंज अडकवायला वर खिळा ठोकलाय. मग मला बाकीच्या पोरांचे डबे उघडायला जावं लागायचं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासूनच की."

आई मावशींच्या बाजूनं बाहेर पडून त्या खोलीत गेली. केरसुण्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, रंगाचे डबे, मोडकी घसरगुंडी. खिडकी वर, छताजवळ. भिंतीकडे तोंड करून एक लहानशी खुर्ची, तिच्या डोक्यावर खिळा. आणि खुर्चीसमोर, जमिनीवर, दुधाचे वाळलेले गोल गोल डाग, एकाशेजारी एक, ओळीनं. आपल्या दुधातलं थोडं थोडं काढून मुंगीनं पंगत वाढली होती. बाहुल्यांना तोंडं होती, पण नुसती शिवलेली, लाल दोऱ्याची. ती काय उघडणार? मग भरवायचं कसं, हे मुंगीला बरोबर माहीत होतं. घरात कुणी एकट्यानं जेवत नाही, हा नियम ती शाळेतही पाळत होती. शाळेनं पाळला नव्हता.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"राग म्हणालात ना तुम्ही?" परत येऊन ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "राग नाही हो हा. सोबत आहे. तुम्ही माझ्या मुलीला केरसुण्यांच्या शेजारी बसवलंत, म्हणून तिनं सोबत तयार केली. आणि मला सांगितलंत, मुलांबरोबर बसते."

"हे बघा, आवाज चढवू नका. आम्हाला इतर पालकांचंही बघावं लागतं. पहिल्याच दिवशी एक मुलगा घरी जाऊन म्हणाला, मला पण नळी हवी, मी जेवणार नाही. त्याची आई केवढी बोलली मला! आणि खरं सांगायचं तर जेवताना ते सगळं बघणं... मुलांना किळस वाटते."

"मुलांना? की मुलांच्या आयांना?"

तेवढ्यात बाहेर जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली.

मुंगीच्या आईनं मुलीचा हात धरला, दुसऱ्या हातात पिशवी आणि मुंगीच्या दुधाची बाटली घेतली आणि ती सरळ वर्गात जाऊन मुलांच्या मधोमध फरशीवर बसली. तिनं नळी जोडली, सिरिंज उंच धरली, दूध ओतलं. धार सरळ पडली. वर्गात डब्यांची झाकणं अर्धवट उघडून थांबली.

"हे काय आहे?" एका चिमुरड्यानं विचारलं.

"माझं जेवण," मुंगी म्हणाली. "घशातून वाट बंद आहे. रस्त्याचं काम चाललंय."

ही आजोबांची भाषा. मुलांना पटली. रस्त्याचं काम कुणी पाहिलं नव्हतं?

"चव लागते का?"

"नाही. पण ढेकर येतो तेव्हा थोडी कळते."

"म्हणजे तुला भाजी आवडली नाही तरी चालतं?"

"मला काहीपण चालतं."

"आयला, मजा आहे," तो म्हणाला आणि आपल्या डब्याकडे दुःखानं बघू लागला. एका मुलीनं नाक मुरडलं, मग सरकून जवळ आली आणि सिरिंजमधली दुधाची रेघ उतरताना बघत बघत स्वतःचा घास चावू लागली. दूध संपेपर्यंत तिचाही डबा संपला होता. "मी पहिली!" ती ओरडली. "नाही, मी!" मुंगी ओरडली.

किळस अशी दिसते होय, आईनं मनात म्हटलं. मान वर केली तर दारात मोठ्या बाई उभ्या.

निघताना त्यांनी गोड आवाजात सांगितलं. मुंगीला काढून टाकायचं कुणाच्या मनात नाही. ती खोली आपण छान करून देऊ, रंग देऊ, पडदा लावू, भिंतीवर प्राण्यांची चित्रं चिकटवू. पण जेवण तिथंच. हे मान्य नसेल तर मग दुसरी शाळा बघावी. "सुट्टीत घरच्यांशी बोला, सोमवारी सांगा. आणि हो, तुम्ही शिवणकाम करता ना? एवढी भोकं बुजवून आणा. नाटकाला लागतात."

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. "बरोबर बोललीस तू. पण आता? दुसरी कुठली शाळा घेणार आहे? वर्षभर दारोदार फिरलो आपण. ती दिवसभर मशीनखाली चिंध्या गोळा करत बसायची, आठवतंय ना? आता निदान मैत्रिणींच्या गोष्टी..." त्यांना मैत्रिणी कोण ते आठवलं आणि ते थांबले.

"पडदा लावून देणार म्हणतात," आई म्हणाली. "प्राण्यांची चित्रं लावणार. अहो, कोठडीला रंग दिला की ती बैठकीची खोली होते का?"

"मी कुठं म्हणतोय होते म्हणून? तू माझ्यावर का चिडतेस?"

"मग कुणावर चिडू? तिथं गोड बोलतात, त्यांच्यावर चिडताही येत नाही धड!"

आजोबा मुंगीला मांडीवर घेऊन बाहुल्या बघत होते. "भोकं बरोबर जागी आहेत," ते म्हणाले. "डॉक्टर होईल पोरगी."

"तुमचं काहीतरीच." आईला रडता रडता हसू आलं.

तिनं बाहुल्यांच्या पोटातला आंबलेला कापूस ओढून काढला, कापडं धुतली, उन्हात टाकली. वाळल्यावर नवा कापूस भरला, गिऱ्हाइकाचा कोट बाजूला सारला आणि सुई घेऊन बसली. एकडोळीला आधी डोळा लावला. मग झगा वर करून पोटावरच्या भोकाची दोन्ही टोकं चिमटीत जुळवली. एक टाका घातला. आणि हात थांबला.

मुंगी शेजारी येऊन उभी होती. टाक्याकडे टक लावून बघत, एक हात स्वतःच्या झग्यावरून पोटावर दाबून धरलेला. बोलली काहीच नाही. मुंगी बोलत नाही म्हणजे काय, ते आईला ठाऊक होतं. दवाखान्यात सुई दिसली की ती अशी गप्प व्हायची.

आईनं तो टाका उसवला. दोऱ्यांच्या डब्यातून पिवळा रेशमी दोरा काढला, भोकाच्या कडेनं एकाला एक लागून टाके घातले, गाठी बसवत, दाट, जसं भारी शर्टाला काज करतात तसं. भोक बुजलं नाही. भोकाला काठ आला. आता ते फाटलेलं दिसत नव्हतं. मुद्दाम केलेलं दिसत होतं.

"बुजवायला सांगितलंय ना?" बाबा मागून म्हणाले.

"बुजवलं तर या जेवणार कुठून?"

बाबा खाली बसले, पुढची बाहुली घेतली आणि आईला सुईत दोरा ओवून दिला.

सोमवारी मुंगीच्या आईनं बाहुल्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ओळीनं ठेवल्या. बाईंनी एकीचा झगा वर केला, काज बघितलं, झगा खाली केला. पुढचीचा वर करायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"हे मी बुजवायला सांगितलं होतं."

"माझ्या हातून बुजवलं जात नाही. आणि मुंगी त्या खोलीत जेवणार नाही. चित्रं लावा, नाहीतर झुंबर लावा. मावशींना वेळ नसेल तर मी रोज येईन, वर्गात बसून भरवीन."

"वर्गात मी परवानगी देऊ शकत नाही. शनिवारी पालकांनी सह्या करून अर्ज दिलाय."

"अर्ज?" आई म्हणाली. "चार वर्षांच्या मुलीनं कसं जेवावं, यावर अर्ज?"

मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाई दुष्ट नव्हत्या, हेच जास्त संतापजनक होतं. "वर्गाबाहेर पायरी आहे," त्या म्हणाल्या. "तिथं बसा हवं तर. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

पायरी तर पायरी, असं नाही. आईला ते गिळवत नव्हतंच. पण पायरीवर उजेड होता. वर्गाचं दार तिथंच उघडत होतं, आणि उघड्या दारातून आतले दिसणार होते, आतल्यांना मुंगी दिसणार होती. आज इथं बसू, तिनं ठरवलं, आणि उद्या उंबऱ्यावर सरकू. परवा आत. त्या सह्या करणाऱ्या एकेका आईच्या घरी जाईन, दार वाजवीन, विचारीन.

घंटा झाली. आई आणि मुंगी पायरीवर बसल्या. आत डब्यांची झाकणं खडखडली. नाक मुरडणारी ती मुलगी डबा घेऊन दारापर्यंत आली, "आज मी जिंकणार," म्हणाली आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसू लागली. आतून वर्गाच्या बाईंची हाक आली, "आत ये. जागेवर बस." मुलगी वळून वळून बघत गेली.

मग वर्गाच्या बाई दाराशी आल्या. मुंगीच्या आईच्या नजरेला नजर न देता, आवाज होऊ नये अशा बेतानं, त्यांनी दार लोटून घेतलं.

आईनं नळी बाहेर काढली.

टक्. मुंगीनं झाकण उघडलं होतं. ती बंद दाराकडे बघत होती.

"आई, ती सगळी जेवताना मी बघते. मला चालतं. मग मी जेवताना त्यांनी का नाही बघायचं?"